तीनशे मीटरवरचा तिसरा आवाज

नळी जितकी लांब तितका नेम पक्का, हे मला आजवर इतक्या जणांनी ठासून सांगितलंय की मी हल्ली वाद घालत नाही. चहा सांगतो. माणूस चहा पिईपर्यंत गप्प बसतो आणि तेवढ्यात मला त्याची बंदूक नीट बघता येते. फौजेत माझी सगळी नोकरी आर्मरर म्हणून झाली. आर्मरर म्हणजे दुसऱ्यांनी चालवायची हत्यारं ठाकठीक ठेवणारा माणूस. निवृत्तीनंतर बारामतीत दुरुस्तीचा परवाना काढून दुकान टाकलं. पाटीवर माझं नाव आहे, पण सगळे मिस्त्रीच म्हणतात.

गिऱ्हाइकांत निम्मे शेतकरी. उसात रानडुकरं शिरतात, त्यांना हुसकायला बाराबोअरची बंदूक आणि शेतसंरक्षणाचा परवाना. उरलेले निम्मे मिरवणारे. कालव्याकडचा एक बागायतदार एकदा बंदूक घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, हिची नळी जरा वाढवून द्या की."

"किती वाढवू?"

"कालव्याच्या पल्याड मारा जाईल येवढी."

"पल्याड कोण राहतं?"

"चुलतभाऊ."

त्याला मी चहा सांगितला नाही. सरळ दार दाखवलं आणि ठाण्यात ओळखीच्या फौजदाराच्या कानावर घातलं. पुढं महिनाभर तो माझ्यावर डोळे वटारून जायचा, मग विसरला.

नळीचं खरं काय ते एकदा सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत त्याशिवाय कळायची नाही. दारू पेटली की तिचा धूर गोळीला मागून रेटतो. गोळी नळीत असते तोवरच हा रेटा. नळी लांब असली तर रेटा जास्त वेळ मिळतो आणि गोळी थोडी जोरात सुटते. जोरात सुटली की लांबच्या पल्ल्यावर कमी खाली येते, वाऱ्यानं कमी सरकते. लांबीचा मुख्य फायदा हा. जुन्या रायफलींवर दुर्बीण नसायची. पुढं नळीच्या टोकावर माशी आणि मागं भोक, दोन्ही एका रेषेत आणून नेम धरायचा. माशी डोळ्यापासून जितकी लांब तितकी नेमातली चूक लहान, म्हणून जुने लोक लांब नळीवर जीव टाकायचे. पण लांब आणि बारीक नळी उसासारखी असते, बुडात धक्का बसला की शेंडा डोलतो. आखूड, जाड नळी तेवढाच नेम देते, कधी जास्तच. फक्त लांबच्या पल्ल्यासाठी नेम उंच करायचे दुर्बिणीवरचे खटके थोडे वाढवावे लागतात.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नळीचं शेवटचं टोक. गोळी नळीला शेवटची शिवते ती तिथं. तिथं एका अंगाला गंज किंवा ओरखडा असला तर धूर त्या अंगानं आधी निसटतो आणि जाता जाता गोळीला ढुशी देतो. शंभर मीटरवर ती चूक बोटभर दिसते, नेमबाज स्वतःच्या हाताला दोष देतो. तीनशेवर ती तिप्पट होते.

लोणी भापकरच्या माळावर एक बंद पडलेली दगडखाण आहे. एका रायफल क्लबानं रीतसर परवानग्या काढून तिथं तीनशे मीटरची रेंज केली. एका टोकाला नेमबाज आडवे पडतात, दुसऱ्या टोकाला खाणीची उभी भिंत. भिंतीच्या अलीकडे पुरुषभर खोल खड्डा आणि त्याच्यापुढं मातीचा जाड बांध. खड्ड्यात माणूस बसतो आणि नेमाचा फळा दोरीनं वर करतो. गोळी लागली की फळा खाली ओढतो, भोक बघतो, वायरलेसवर सांगतो आणि भोक बुजवून फळा पुन्हा वर करतो. हे काम गेनूआबांचं. ते लोणीचेच, मेंढरं विकून टाकल्यावर क्लबात लागलेले. रविवारी मी हत्यारं तपासायला जायचो आणि आबांना सोबत म्हणून बरेचदा खड्ड्यात बसायचो.

खड्ड्यात बसलेल्या माणसाला प्रत्येक गोळीचे दोन आवाज येतात. गोळी आवाजापेक्षा जोरात येते, म्हणून आधी डोक्यावर चाबूक ओढल्यासारखा "चट्ट" होतो. रायफलीचा "धप्प" मागून, सावकाश पोचतो. दोन्हींच्या मध्ये एक श्वास अडकेल एवढी शांतता असते. नळी लांब असली, गोळी वेगवान असली, तर ती शांतता आणखी किंचित वाढते. मी हयातभर बंदुकांत वावरलो, तरी ती शांतता मला कधी आवडली नाही. जे यायचं ते येऊन गेलेलं असतं आणि आपण अजून त्याची चाहूल ऐकायची वाट बघत असतो. गेनूआबा बिडी विझवत म्हणायचे, "हितं आधी मरान येतंय, मागनं त्याची हाक." हे ऐकून खड्ड्यात भर दुपारी मी त्यांच्यावर खेकसायचो.

क्लबात सगळ्यात जुने नेमबाज म्हणजे वरकुट्याचे माधवतात्या. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले, शिडशिडीत, बोलणं मोजकं. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची विलायती रायफल होती, नळी तीस इंची. तिच्या लांबीचा त्यांना भारी अभिमान. मी कितीदा उसाचा दाखला दिला, ते हसून सोडून द्यायचे. त्यांची एक सवय होती. गोळी सुटली की शेजारी मांडलेल्या दुर्बिणीतून बघायच्या आधी ते तोंड मिटून एकदाच "हुं" म्हणायचे. गोष्ट ऐकणारा माणूस मध्येमध्ये हुंकार देतो, अगदी तसं. नवी पोरं त्यांची नक्कल करायची.

एकदा मी विचारलं, "तात्या, कुणाला हुं म्हणता?"

"ऐकतोय एवढं कळवायचं," ते म्हणाले.

मी हसलो आणि दुसऱ्या कामाला लागलो. तेव्हा नीट बसून विचारायला हवं होतं असं आता फार वाटतं. कोण सांगत होतं आणि ते काय ऐकत होते, हे आता कुणाला विचारू?

तात्या पुण्याच्या दवाखान्यात वारले. अचानक दुखणं आलं, नेलं, आणि तिथूनच आणलं. परवानाधारक गेला की हत्यार जमा करावं लागतं. वारसाच्या नावानं नवा परवाना होईपर्यंत ते दुकानदाराकडे किंवा ठाण्यात राहतं. तात्यांची रायफल ठाण्यात कापडात बांधून, लाखेचं सील लावून पडली होती. वारस म्हणजे त्यांची एकुलती मुलगी रोहिणी. लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. केसाच्या जाडीचा फरक तिच्या बोटांना कळतो. नेमबाजी तात्यांनीच तिला शिकवली होती. परवाना झाल्यावर ती रायफल घेऊन रेंजवर आली आणि म्हणाली, "काका, राज्याच्या संघाच्या निवडीला मी हीच घेऊन उतरणार आहे."

मी म्हटलं, "उतर."

शंभर मीटरवर गोळ्या मधोमध नव्हत्या, पण वावगं काही नव्हतं. जरा डावीकडं, बोटभर. तीनशेवर सगळ्या वर आणि डावीकडं, एकाच अंगाला जाऊन बसल्या. रोहिणीनं मागचं भोक सरकवून बघितलं, तरी त्या त्याच कोपऱ्यात. पोरीचा हात दगडासारखा स्थिर, वारा नाही. मी फायरिंगच्या जागेवर तिच्याजवळ उभा होतो. तेवढ्यात वायरलेसवर गेनूआबा बोलले. आवाज अगदी खालचा.

"मिस्त्री, हिकडं या. तात्या आल्यात."

मी चिडलो. भल्या सकाळी हे काय नाटक, म्हणून फायरिंग थांबवून तरातरा खड्ड्यात गेलो. आबा कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. त्यांनी फक्त बोटानं बस म्हटलं. मी वायरलेसवर रोहिणीला गोळी सोडायला सांगितली.

चट्ट. शांतता. धप्प. आणि त्यानंतर, आमच्या मागं खाणीच्या भिंतीजवळून, "हुं."

भिंतीवरून आवाज परततो हे मला माहीत आहे, पण परतलेला आवाज परतल्यासारखा येतो. हा माणसानं तोंड मिटून काढावा तसा होता. आणि एक गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती: तात्या हयात असताना त्यांचं हुं खड्ड्यात कधीच ऐकू आलं नव्हतं. ते तीनशे मीटर लांब पडलेले असायचे. ऐकू येणं शक्यच नव्हतं.

मी दुसरी रायफल आणवली, तीच गोळी, तीच जागा. चट्ट, धप्प, बस्स. पुन्हा तात्यांची रायफल. हुं.

रोहिणीच्या कानावर आवाज अडवणारे डबे असतात, तिला काही कळलं नव्हतं. मी सांगणार नव्हतो, पण गेनूआबांनी सांगितलं. ती रडली नाही. तिनं आईला सांगितलं, आणि पुढच्या रविवारी शकुंतलावहिनी डोक्यावर पदर घेऊन रेंजवर आल्या. क्लबाच्या सेक्रेटरीनं आधी नाही म्हटलं, मग वहिनींच्या तोंडाकडं बघून होकार दिला. पोत्याची घडी घालून त्या खड्ड्यात बसल्या. पहिल्या गोळीला हुं आलं. वहिनींनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले आणि कुणी बोलावल्यासारख्या म्हणाल्या, "व्हय. हितंच हाय मी."

तिथून त्या दर रविवारी येऊ लागल्या. घरून डबा आणायच्या, गेनूआबांना भाकरी द्यायच्या आणि प्रत्येक गोळीला कान द्यायच्या. आबांना त्याची सवय झाली, मला काही होईना. मी खड्ड्यात जाणं टाळू लागलो. निवड जवळ येत होती आणि रोहिणीच्या गोळ्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एकाच जागी जात होत्या, जणू त्या फळ्यासाठी नव्हत्याच. दुसरी रायफल घे म्हटलं, तर म्हणाली, "मग मी फक्त हजेरी लावायला जायचं. बाबांनी मला हिच्यावर शिकवलंय, काका. ही बिघडलेली नाही. हिला काहीतरी झालंय."

शेवटी मी रायफल दुकानात घेतली. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा मागचा सरकता दांडा, काढला, नळीत बारीक दिवा सोडला आणि टोकाकडून बघितलं. बाकी नळी आरशासारखी. तात्यांचा हातच तसा, तेल दिल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. फक्त टोकापाशी, दोन बोटं आत, एका अंगाला गंजाचे खड्डे होते. तो डाग निमुळता होता, मध्ये शिरेसारखी रेघ. मी पुन्हा पुन्हा बघितला. पानाचा आकार होता.

मायलेकी समोर बसल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, रायफल घरात असताना हिच्यावर पाणी पडलं होतं का?"

रोहिणी म्हणाली, "ठाण्यातून आणल्यावर साफ केली तेव्हा नळीतून काहीतरी काळं, कुजकं निघालं होतं. मला वाटलं, उंदरानं कचरा घातला असेल."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मी घातलं पानी."

रोहिणीनं आईकडं वळून बघितलं.

"दवाखान्यात मला आत सोडलं न्हाय. काचंतनं बगत हुते. ओठ सुकलं हुतं त्यांचं, लांबनं दिसत हुतं मला. गंगेच्या पान्याची कुपी पिशवीत हुती, तुळशीचं पान हुतं. कुनी आत जाऊ देईना. घरी आनलं तवा समदं गुंडाळल्यालं. मग घरात कोपऱ्यात त्यांची रायफल उभी. दुसऱ्या दिसाला पोलीस न्यायला येनार हुतं. ती तरी कोरडी जाऊ नये म्हनून पान ठिवलं आन पानी सोडलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लई चुकलं का वो माझं?"

मी म्हणालो, "न्हाय वहिनी. चुकलं काय त्यात."

पण मग मला बाकीचं सांगावं लागलं. तेल लावलेल्या नळीवरून पाणी घसरून गेलं असणार. पान जिथं चिकटलं तिथं ओल धरून राहिली, आणि ठाण्यातल्या बंद कापडात गंज खोल गेला. गोळी तिथूनच ढुशी खाते. धूर एका अंगानं निसटतो, त्याचाच तो हुंकारासारखा आवाज होत असणार. माझं हे शेवटचं वाक्य मला स्वतःला पूर्ण पटलं नव्हतं, तरी मी ते ठामपणे म्हणालो. उपाय एकच: टोकाची दोन इंचं कापायची आणि नवं टोक घडवायचं. नेमाला धक्का लागणार नाही, वेग जरासा उतरेल, माशी मागं बसवावी लागेल.

"आणि आवाज?" रोहिणीनं विचारलं.

"तो बहुतेक जाईल."

रोहिणी लगेच म्हणाली, "मग राहू दे. मी दुसरी घेते. निवड पुढच्या वर्षीही असते."

मला तिचं वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर वहिनींचा थोडा रागही आला, की पोरीला स्वतःहून का सोडवत नाहीत. वहिनी रायफलीच्या टोकावरून बोट फिरवत होत्या. मग बोट थांबवून बोलल्या.

"त्ये दर ऐतवारी हुं म्हनत्यात, ते मला वाटायचं माज्याशी बोलत्यात. पन त्ये पानीच मागत असतील तर? अजून घशाखाली उतरलं न्हाय म्हनून सांगत असतील तर? अडकलंय की तितं पान." त्यांनी रायफल माझ्याकडं सरकवली. "कापा. सुटू द्या त्यांना."

नळी कापणं हा खेळ नाही. परवान्याशिवाय कुणी बंदुकीची नळी आखूड केली तर तो गुन्हा आहे, आणि तसंच असावं. माझ्याकडं फक्त दुरुस्तीचा परवाना. रोहिणीनं लेखी परवानगी मिळवली, आणि ज्या कारखानदाराला ते काम करायची मुभा आहे त्याच्याकडं मी स्वतः रायफल घेऊन गेलो. पातं फिरत होतं तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांत लोखंड कापताना असं बाहेर जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. कापलेला तुकडा नियमाप्रमाणे तिथंच जमा झाला. नवं टोक झकास झालं होतं, आरशासारखं लख्ख.

रोहिणी निवडली गेली, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर ते कुणी विचारणार नाही.

आखूड झालेली रायफल पहिल्यांदा रेंजवर आली त्या सकाळी तिघं खड्ड्यात होतो: गेनूआबा, वहिनी आणि मी. गोळीबाराचं लाल निशाण वर गेलं. वहिनींनी डोळे मिटले. मला माझ्या विद्येची खात्री होती. दोन इंचं गेली, गंज गेला, धुराची वाट बंद झाली. आज दोनच आवाज येणार.

चट्ट. धप्प.

"हुं."

भिंतीजवळून नाही. अगदी आमच्या पाठीशी, हात मागं केला तर लागेल इतक्या जवळून. गेनूआबांचा दोरीवरचा हात थांबला. आम्ही एकमेकांकडं बघितलं, मागं बघायची हिंमत दोघांचीही झाली नाही. वहिनी तशाच डोळे मिटून, मान किंचित कलती करून वाट बघत होत्या. दुसरी गोळी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी हुं, आणि प्रत्येक वेळी वहिनी तशाच बसलेल्या, जणू अजून काही यायचं आहे. मग मला कळलं की त्यांना ऐकू येत नाहीये.

आबांनी फळा खाली ओढला. सगळी भोकं काळ्या वर्तुळात, तळहाताखाली झाकतील एवढ्यात. वायरलेसवर रोहिणीचा आवाज आला, आनंदानं चिरकलेला. "काका, झालं. बोल्ट उघडलाय, रायफल रिकामी आहे. कुठं लागल्या?"

"मधोमध," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे उघडले. पदरानं तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला. "गप झाले," त्या म्हणाल्या. "पोचलं पानी." मग काहीतरी आठवल्यासारखं माझ्याकडं वळल्या. "तुमाला आला का वो आवाज?"

गेनूआबा खाली मान घालून दोरी गुंडाळू लागले.

"न्हाय वहिनी," मी म्हणालो. "कायबी न्हाय आलं."

त्यांनी समाधानानं मान हलवली आणि पोत्याची घडी घालायला वाकल्या. तेव्हा माझ्या कानाशी पुन्हा एकदा हुं ऐकू आलं, गोष्ट ऐकणारा देतो तसं. या वेळी गोळी सुटलेली नव्हती.